चिउरा म्हणजे भात नव्हे

आमच्या भक्तपुरात, इथे नेपाळात, कुणी ‘जेवलात का’ असं विचारत नाही. ‘भात झाला का’ असं विचारतात. भात झाला नसेल तर माणूस उपाशी. मग त्याने मधल्या वेळात चार मुठी चिउरा, वाटीभर मसालेदार मांस, दोन अंडी आणि वर गोड दही हाणलेलं असो, तो उपाशीच. चिउरा म्हणजे तुमचे पोहे, फक्त आम्ही ते फोडणीला न टाकता कोरडेच चावतो. तो झाला खाजा, मधल्या वेळचं खाणं. खाजा पोटात गेला तरी हिशेबात धरत नाहीत. हे मला जन्मापासून ठाऊक होतं, आणि यानेच भर गर्दीत माझं नाक कापलं, म्हणून आधीच सांगून टाकते.

मी सनुमैयाँ शिल्पकार. आमच्या टोलाची, म्हणजे वस्तीची, आरोग्य स्वयंसेविका, बावीस वर्षं झाली. टोलातल्या निम्म्या पोरांच्या तोंडात मी थेंब घातलेत, आणि उरलेल्या निम्म्यांच्या आयांना मी दटावलंय. माझ्यापुढे आवाज चढवायची कुणाची टाप नाही. अपवाद एकच, माझे सासरे. त्यांचं नाव हेराकाजी, पण घरीदारी सगळे त्यांना बा म्हणतात. लाकडात खिडक्या कोरतात. भूकंपात पडलेलं आमच्या चौकातलं देऊळ परत उभं राहिलं तेव्हा त्याची मोराची खिडकी बांनी कोरली, आणि ती बघायला लोक थांबतात तेव्हा मी मुद्दाम तिथून पाणी आणायला जाते. गर्व आहे, तो का लपवू?

बा जमिनीवर बसून काम करतात. लाकूड दोन्ही पायांच्या बोटांत धरायचं आणि हातांनी छिन्नी चालवायची. आमच्याकडचा कारागीर हातांइतकाच पायांनी कोरतो. मागच्या आषाढात एका दुपारी मी चहा घेऊन गेले तर भुशावर रक्त सांडलेलं. छिन्नी घसरून पायाचा अंगठा फाटला होता आणि बा गुणगुणत ठोकतच होते. त्यांना कळलंच नव्हतं.

चार वर्षं साखरेचा आजार, त्याने पाय बधिर झालेले. एक गोळी होती ती तीनवर गेली होती. आरोग्य चौकीतल्या झा मिसनी, म्हणजे आमच्या डॉक्टरीणबाईंनी, अंगठा बांधला, कागद बघितला आणि म्हणाल्या, “बा, गोळ्यांचं काम संपत आलं. पुढच्या खेपेला साखर अशीच निघाली तर इन्सुलिनची सुई सुरू करावी लागेल.”

बांचा चेहरा लाकडासारखा झाला. त्यांच्या थोरल्या भावाला सुई लागली होती आणि दोन वर्षांत त्याचा पाय कापावा लागला होता. झा मिसनी समजावलं की पाय सुईने नाही गेला, आधीची दहा वर्षं साखरेकडे लक्ष दिलं नाही म्हणून गेला. पण पालथ्या घड्यावर पाणी. घरच्या उंबऱ्यात बा म्हणाले, “पाय गेला तर हात ठेवून काय करू, भौ?” भौ म्हणजे सून. मला ते नावाने कधीच हाक मारत नाहीत.

त्याच महिन्यात आम्हा स्वयंसेविकांना नवीन शिकवण मिळाली. बारा आठवडे घरचंच अन्न, पण मोजून. अख्ख्या दिवसाचं मिळून साडेआठशे कॅलरी. दहा-बारा किलो वजन उतरवायचं. यकृतात आणि पोटात साठलेली चरबी उतरली की बऱ्याच जणांची साखर गोळीशिवाय ताब्यात राहते. “सगळ्यांची नाही,” झा मिस बजावत होत्या. “आजार नवा असेल तर आशा जास्त. आणि आपल्या मनाने कुणी करायचं नाही. गोळ्या मी थांबवणार, दर आठवड्याला मी तपासणार.” मला एक वजनकाटा मिळाला आणि बोट टोचायचं यंत्र.

टोलात कुणी तयार होईना. भात सोडा म्हटलं तर लोक माझ्याकडे असं बघायचे की मी श्वास सोडा म्हणाले. मग मी घरात वळले. बांना म्हटलं, “तुम्ही करा.” त्यांनी बांधलेल्या अंगठ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “लिही काय करायचं ते.” मी माझ्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहून चुलीशेजारच्या भिंतीला डकवलं. भात बंद. साखर बंद. रक्सी, म्हणजे आमची घरची दारू, बंद. डाळ एक वाटी. पालेभाजी पोटभर. अंडं एक. झा मिसनी गोळ्या थांबवल्या आणि आम्ही कामाला लागलो.

तीन आठवडे गेले. वजन उतरलं जेमतेम एक किलो. सकाळची साखर दोनशे चौदा.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चौकीत रांगेत चार बायका बसलेल्या, त्यांच्यासमोर मी बांवर घसरले. “खरं सांगा बा, कुठे चरता? भजनाच्या ओट्यावर? दह्याच्या दुकानात?”

बा लालबुंद झाले. “विश्वकर्म्याची शपथ. एकवीस दिवसांत भाताचं शीत शिवलेलं नाही.”

“मग हे यंत्र खोटं बोलतंय?”

“यंत्राचं मला माहीत नाही. मी खोटं बोलत नाही.”

झा मिसनी हात वर केला. “शपथ नको, यादी द्या. काल उठल्यापासून तोंडात काय काय गेलं?”

बा कशाला बोलतील, मी होतेच. रुबाबात सांगायला लागले. “सकाळी कोरा चहा. दहाला डाळ आणि रायोची पालेभाजी. दोनला खाजा. संध्याकाळी भाजलेले सोयाबीन आणि अंडं. मी स्वतः वाढते, मिस. एक दाणा इकडेतिकडे नाही.”

“खाज्याला काय?”

“खाज्याला काही नाही. नुसता चिउरा.”

“किती?”

“दोन मुठी.”

“चार,” बा म्हणाले. “तुझ्या मुठी लहान आहेत, म्हणून मी वर दोन घेतो.”

झा मिस जनकपुरच्या, तिकडे चिउऱ्याला चुरा म्हणतात. त्यांनी पेन खाली ठेवलं. “आमच्याकडे दही-चुऱ्यावर लग्नाच्या पंगती उठतात, दिदी. आणि तुम्ही त्याला काही नाही म्हणता? चिउरा कशाचा करतात?”

“धानाचा,” मी म्हटलं. “भिजवून, भाजून, कुटून...” आणि माझा आवाज मधेच बसला. रांगेतली एक बाई फिसकन हसली. मग दुसरी. मग चौघीही. बावीस वर्षं मी ज्यांना शिकवत आले त्या मला हसत होत्या, आणि त्यांचं बरोबर होतं. बांनी एक शीत चोरलं नव्हतं. रोज दुपारी दोन वाजता मीच त्यांच्यापुढे ताट ठेवत होते.

“मिसलाही हसू येतंय,” बा म्हणाले. “हसा. चुकलं असेल तर दोघांचं चुकलं. कागदावर भात लिहिलं होतं, आम्ही भात सोडला.”

घरी येताना मी पदराने डोळे पुसत चालले होते. म्हटलं, “बा, माझं चुकलं. चारचौघींत तुम्हाला बोलले.”

बा थांबले. “खोटारडा म्हणालीस. ते विसरायला मला बारा आठवडे लागतील. चल, आजपासून मोज.”

त्या संध्याकाळी भिंतीवर मी आणखी एक ओळ लिहिली. चिउराही बंद.

आता खरी परीक्षा सुरू झाली. पहिले चार दिवस बांचं डोकं दुखत होतं आणि जीभ तिखट झाली होती. मीठ कमी, डाळ पातळ, सून जाडी, सगळ्यांत खोट निघत होती. सासूबाई, म्हणजे आमची मां, दिवसभर ऐकवायची. “लाकडालासुद्धा लोक तेल पाजतात. माझ्या नवऱ्याला मात्र नुसता पाला.” शेजारीण खिडकीतून विचारायची, “काय गं सनु, सासऱ्याला वाळीत टाकलंस का?” मी म्हणायचे, “हो, आणि पुढचा नंबर तुझ्या नवऱ्याचा.”

पण बा हलले नाहीत. तोच माणूस जो एका मोराचं पीस जमेना म्हणून तीनदा लाकूड फेकून देतो, तो आता वाटी मोजून घेत होता. दुपारी दोन वाजले की काकडी आणि बिनसाखरेचं दही. पाचव्या दिवसापासून बोट टोचायला ते स्वतःच यंत्र घेऊन यायचे. आकडा बघायचे आणि कामाला बसायचे. कमरेचा पटुका दोन वेढ्यांत बसायचा तो तीन वेढे घ्यायला लागला. सहाव्या आठवड्यात मांने तो वेढा स्वतः मोजला आणि त्या दिवसापासून पाल्याबद्दल बोलायची थांबली. आठव्या आठवड्यात वजन एकाहत्तर. सुरुवातीला एकोणऐंशी होतं. मी काटा दोनदा लावून बघितला, माझा माझ्यावरच विश्वास बसेना.

आणि मग मोहनी आली. आमचा दसरा.

अष्टमीच्या दिवशी आमच्याकडे कुछिभ्वय् असतं. सगळं कूळ रांगेने बसतं, पुरुष एकीकडे, बायका समोर, वयाने, थोरला वर आणि धाकटा खाली. प्रत्येकाच्या पुढे केळीचं पान, आणि त्या पानावर एक कुछि, म्हणजे दोन मापं, चिउऱ्याचा ढीग. मापात कमी नाही, जास्त नाही. ढीग देवाला दाखवायचा आणि संपवायचा. पानावर ढीग शिल्लक राहिला तर कुळावर संकट, असं आमच्यात मानतात. बाराही महिने माणूस काय खातो ते कुणी बघत नाही, पण त्या दिवशी सगळ्यांचे डोळे सगळ्यांच्या पानांवर.

मी आदल्या दिवशीच थकालीकडे गेले. थकाली म्हणजे कुळातला सर्वांत वडील माणूस, आमचे बेखानारायण, त्र्याऐंशी वर्षांचे, दात दोन. म्हटलं, “बांच्या पानावर यंदा अर्धं माप वाढलं तर चालेल का? डॉक्टरांची आज्ञा आहे.”

थकाली म्हणाले, “भूकंपाच्या साली आपण तंबूत बसून पुरी कुछि खाल्ली. तुझा सासरा भूकंपाहून मोठा आहे का?”

मी परत आले. बांना सांगितलं. म्हटलं, “उद्या ताप आलाय म्हणा. घरी झोपा.” बा छिन्नीला धार लावत होते. मान वर न करता म्हणाले, “पासष्टाव्या वर्षी मी कुळाच्या रांगेतून पळू?”

अष्टमीला मी वाढायला होते. रांगेत बा चौथे. मां बायकांत, समोरच्या भिंतीला. पानं मांडली, माप भरभरून ढीग पडत गेले. बांपुढेही पडला, पांढराशुभ्र, टोक काढलेला. अकरा आठवडे एकेक दाणा मोजलेला, आणि हा ढीग म्हणजे दीड दिवसाचं अन्न, त्यात मांस, रक्सी, दही वेगळंच. आणि एकदा खाल्लं की माणूस सुटतो, उद्याही खातो, परवाही खातो. सण दहा दिवसांचा. मला दिसत होतं, ती सुई पुन्हा दारात येऊन उभी राहिलेली.

थकालींनी पहिला घास घेतला. मग सगळ्यांनी. बांनी एक मूठ उचलली, सावकाश चावली, आणि हात थांबवला.

“हेरा,” थकाली म्हणाले. “हात का थांबला?”

रांगेतल्या माना वळल्या. मी रक्सीची झारी हातात धरून तशीच उभी.

“थकाली, माझी कुछि पुरी वाढली ना?” बा म्हणाले.

“वाढली.”

“देवाला दाखवली?”

“दाखवली.”

“मग ती माझी झाली. आणि थोरल्याच्या पानातलं धाकट्याने खाल्लं तर तो प्रसाद, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं. मी सात वर्षांचा होतो तेव्हा तुमच्या पानातला निम्मा ढीग मीच फस्त करायचो. आठवतं?”

थकालींनी डोळे बारीक केले. “आठवतं. अधाशी होतास.”

“आज माझ्या खाली सतरा धाकटे बसलेत. त्यांनाही अधाशी होऊ द्या.”

असं म्हणून बांनी पान दोन्ही हातांनी उचललं. पण ते शेजारी पोचायच्या आत समोरच्या भिंतीकडून मां उठली. भर पंगतीत. पदर खोचून सरळ बांपुढे येऊन बसली आणि म्हणाली, “पहिला मान बायकोचा. पंचेचाळीस वर्षं यांच्या पानातलं खातेय, आजच का सोडू? मला कुठे साखर आहे!”

आधी कुणाला हसावं की नाही ते कळेना. मग थकालीच हसले, दोन्ही दात दाखवून, आणि सगळी रांग फुटली. मांने दोन मुठी घेतल्या, दीराने एक, पुतण्यांनी एकेक, अगदी टोकाच्या नातवाने चिमूटभर. पान परत बांपुढे आलं तेव्हा त्यावर एक दाणा नव्हता. बांनी अंडं खाल्लं, मांसाचे दोन तुकडे, पालेभाजी तीनदा मागून. रक्सी मी उंचावरून ओतली तेव्हा कपाळाला लावली, ओठाला लावली आणि ठेवून दिली.

“ढीग उरला नाही,” थकाली म्हणाले. “कूळ सुखरूप.”

हे मी त्यांना शिकवलेलं नव्हतं. मी तापाचं खोटं शिकवलं होतं. बांनी रीत मोडली नाही आणि मला दिलेला शब्दही मोडला नाही. झारी घेऊन मी मागच्या पडवीत गेले आणि थोडी रडले. दुःखाने नाही, छाती इतकी फुगली होती की दुसरा इलाज नव्हता.

बारा आठवडे संपले. मग झा मिसनी हळूहळू अन्न वाढवलं, दुपारी मूठभर भात, माझी मूठ. वजन सदुसष्टवर थांबलं. कार्तिक लागायच्या आदल्या आठवड्यात रक्त घेतलं. तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी. आषाढात ती नऊ पूर्णांक एक होती. साडेसहाच्या खाली आली तर जिंकलो.

निकालाच्या दिवशी मी बांबरोबर गेले. त्याच बाकावर बसलो जिथे माझं हसं झालं होतं. झा मिसनी कागद उघडला, एकदा वाचला, चष्मा पुसून परत वाचला.

“पाच पूर्णांक नऊ,” त्या म्हणाल्या. “गोळीशिवाय. सुई नाही, बा. गोळीही नाही.”

मीच ओरडले. इतक्या जोरात की बाहेरचा कुत्रा भुंकला.

“म्हणजे बरा झालो?” बांनी शेवटी विचारलं.

“आजार झोपलाय. गेलेला नाही. वजन परत चढलं की तो उठेल. दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं, आणि पायांची काळजी तशीच घ्यायची.”

“झोपू दे,” बा म्हणाले. “आम्ही घरात पावलं न वाजवता चालू.”

घरी येताना मी प्रत्येक दारात थांबले. पाच पूर्णांक नऊ म्हणजे काय हे कुणाला कळलं नाही, पण पटुक्याचे तीन वेढे सगळ्यांना कळले. संध्याकाळपर्यंत माझ्या वहीत अकरा नावं होती. त्यात वाळीत टाकल्याचं विचारणाऱ्या शेजारणीचा नवरा पहिला. मी प्रत्येकाला एकच गोष्ट आधी सांगितली, की दिदी चुकू शकते, म्हणून तोंडात जाईल ते सगळं मला सांगा, खाजासुद्धा.

त्याच आठवड्यात म्हपूजा होती. आमचं नवं वर्ष त्या दिवशी सुरू होतं, आणि त्या दिवशी आम्ही नेवार लोक स्वतःच्या देहाची पूजा करतो. जमिनीवर ओळीने मंडलं काढायची, घरातल्या प्रत्येकाचं एक, आणि टोकाला एक यमाचं. आपल्या मंडलापुढे बसायचं, घरातली सर्वांत मोठी बाई प्रत्येकाच्या कपाळाला टिका लावते, वात पेटवते, हातात उकडलेलं अंडं आणि मासा देते. लहानपणापासून मी हे बघत आले. दरवर्षी एक दिवस देहाची पूजा आणि उरलेले दिवस त्याचे हाल, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

मां मंडलं काढत होती. बा म्हणाले, “यमाचं यंदा जरा लांब काढ.”

“गप्प बसा,” मां म्हणाली, पण काढलं लांबच.

आम्ही बसलो. बा पहिले, मग माझा नवरा, मग मुलं, शेवटी मी. मां टिक्याचं ताट घेऊन बांपुढे गेली, कुंकवात बोट बुडवलं आणि थांबली. बांनी तिच्याकडे बघितलं. आधी काही ठरलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. मांने वळून ताट माझ्यापुढे धरलं.

“तू लाव,” ती म्हणाली.

“मी?” ज्या माणसाच्या पायावर मी रोज डोकं ठेवते त्याच्या कपाळाला मी हात लावू? आमच्यात असं कधी झालेलं नाही. “मां, हा तुमचा मान आहे.”

“माझाच आहे, म्हणून मी देतेय.”

मी उठले, गुडघे टेकले. बा ताठ बसले होते, पाय मांडीत, बोटं उघडी. अंगठ्यावरची जखम भरून पांढरी रेघ उरली होती.

“बारा आठवडे केव्हाच झाले,” बा म्हणाले. “विसरलो मी ते. हा देह तू परत आणलास, आता त्याची पूजाही तूच कर, सनुमैयाँ.”

तेवीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा माझं नाव घेतलं. मी कुंकवात बोट बुडवलं आणि टिका सरळ मधोमध लावला.